एकशे पस्तीस लिटर

विलासच्या घराची झडती झाली, हे हेमांगीला विलासनंच सांगितलं. भिवरगाव नगरपरिषदेच्या सांडपाणी केंद्रात ती रसायनतज्ज्ञ होती आणि तो ऑपरेटर. सकाळी आठला तो आला, हात धुतले, रजिस्टर उघडलं आणि पेनाचं टोपण न काढताच म्हणाला,

"मॅडम, काल आमच्याकडं पाहुणे आले होते. सहा जण."

"कोण?"

"नगरपरिषदेचं तपासणी पथक. हातात तुमचा कागद होता."

हेमांगीनं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"पिठाचा डबा परातीत उपडा केला. पीठ चाळलं. चाळणीसुद्धा आमचीच. बायको म्हणाली, एवढं चाळताय तर मळूनच द्या." विलास हसला आणि लगेच थांबला. "म्हाताऱ्याच्या गुडघ्याचं तेल नेलं. निर्गुडीचं. तपासायला पाठवणार म्हणे."

"ते परत देतील, विलास."

"तेल देतील हो. सगळी हमाल वस्ती आमच्या दारात उभी होती, त्याचं काय करणार?"

कागद खरंच तिचा होता.

तीन वर्षांपूर्वी राज्यानं औषधी भांगेचा कायदा केला. कर्करोग, अपस्मार, मज्जातंतूंच्या वेदना अशा ठरावीक आजारांवर डॉक्टरांच्या चिठ्ठीनं भांगेचा मोजून दिलेला अर्क मिळू लागला, तोही शासनाच्या केंद्रातूनच. कायदा करणाऱ्यांना गावोगावची नगरपरिषद चांगली ठाऊक असावी, कारण कलम चौदा त्यांनी फार काळजीपूर्वक लिहिलं होतं. कोणत्याही स्थानिक संस्थेनं अशा केंद्रावर बंदी घालू नये आणि राज्याच्या अटींहून जादा अट प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे लादू नये. शाळेपासूनचं अंतर आणि पाटीचा आकार, एवढंच स्थानिक संस्थेच्या हातात ठेवलं होतं.

भिवरगावात केंद्र आलं तेव्हा 'गांजाचं दुकान नको' म्हणून मोर्चा निघाला. नगरपरिषदेनं बंदीचा ठराव केला. राज्यानं तो रद्द केला. मग केंद्र दुपारी दोन ते तीन एवढंच उघडं ठेवायचा ठराव केला. तोही रद्द झाला. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की केंद्र राज्याचं असलं तरी गटार नगरपरिषदेचं आहे.

गटारातले सेन्सर हेमांगीनंच बसवले होते, साथीच्या रोगांसाठी. आगपेटीएवढी डबी प्रत्येक भागाच्या शेवटच्या चेंबरमध्ये लटकवायची. आत एक चकती आणि चकतीवर प्रतिपिंडांचा थर. ठरावीक रेणू त्या थराला चिकटला की विजेच्या प्रवाहात बारीकसा फरक पडतो आणि दर पंधरा मिनिटांनी आकडा केंद्रावर येतो. गेल्या साली काविळीचा पहिला रुग्ण दवाखान्यात जायच्या सहा दिवस आधी हेमांगीनं पेठेतला फुटका पाइप शोधून दिला होता. तिचा सत्कार झाला होता. शाल अजून कपाटात होती.

चकती बदलली की सेन्सर दुसरा रेणू ओळखतो. भांगेतलं मुख्य द्रव्य यकृतात मोडतं आणि त्याचा एक अवशेष लघवीवाटे बाहेर पडतो. नगरपरिषदेनं त्याच्या चकत्या मागवल्या आणि उपविधी केला: ज्या भागाच्या सांडपाण्यात हा अवशेष माणशी दिवसाला दोन मायक्रोग्रॅमहून जास्त सापडेल, तिथं घरोघर तपासणी होईल आणि गरज पडल्यास गटाराची जोडणी तोडली जाईल. केंद्र उघडंच राहणार होतं. फक्त तिथं जायची हिंमत कुणी करणार नव्हतं.

पहिल्या अहवालात हमाल वस्तीचा आकडा आला दोन पूर्णांक आठ. शिक्षक कॉलनीचा एक पूर्णांक सहा.

"एक विचारू?" विलास म्हणाला. "आमच्या वस्तीत कुणी घेतच नाही, असं मी म्हणत नाही. असतील पाच-सात जण. पण कॉलनीपेक्षा जास्त? आमच्या गटारात पाणी तरी असतं का? पाचव्या दिवशी नळ येतो. गटार वाहत नाही मॅडम, सरकतं."

तो पंप बघायला निघून गेला. हेमांगीनं संगणकावर गणिताचा तक्ता उघडला. सेन्सर सांगतो ते एका लिटरमध्ये किती, एवढंच. एकूण किती हे काढायचं तर त्याला पाण्याच्या प्रवाहानं गुणावं लागतं. प्रवाह मोजायची मीटर मंजूर होती, पण आली नव्हती. म्हणून प्रवाहाच्या रकान्यात तिनं लिहिलं होतं: लोकसंख्या गुणिले एकशे पस्तीस.

भिवरगावात हा आकडा प्रत्येक फायलीत होता. माणशी दिवसाला एकशे पस्तीस लिटर पाणी. योजना मंजूर करून घ्यायची तर तोच लिहायचा, टाकी बांधायची तर तोच, गटार टाकायचं तर तोच. लिहून लिहून तो खरा झाला होता; फक्त नळाला कधी आला नव्हता. आणि हेमांगीनं, जी तराजूचा शून्य रोज दोनदा तपासत असे, तो एकदाही न तपासता उचलला होता.

पुढचे पाच दिवस, म्हणजे पाण्याची एक पाळी पूर्ण होईपर्यंत, तिनं आणि विलासनं प्रवाह मोजला. चेंबरमध्ये उतरायचं नाही. वरूनच खाच पाडलेली पत्र्याची पट्टी बसवायची आणि खाचेतून पडणाऱ्या पाण्याची उंची टिपायची. उंचीवरून प्रवाह निघतो. हमाल वस्तीत माणशी तीस लिटर भरले. शिक्षक कॉलनीत, जिथं सव्वीसपैकी बावीस बंगल्यांत बोअर होती, एकशे नव्वद.

तिनं नव्यानं गुणाकार केला. हमाल वस्ती शून्य पूर्णांक सहा. शिक्षक कॉलनी दोन पूर्णांक तीन.

तिनं तो पुन्हा केला. मग कागदावर, हातानं. शिक्षक कॉलनीत बंगला क्रमांक नऊ तिचा होता.

*

आक्का ओट्याजवळच्या खुर्चीवर वाट बघत होत्या. हेमांगीच्या सासूबाई, शकुंतला आवटे, कन्याशाळेच्या माजी मुख्याध्यापिका. त्यांच्या हाताखालून निम्मं भिवरगाव शिकून गेलं होतं आणि उरलेलं निम्मं त्यांना अजून रस्त्यात बघून सायकलवरून उतरत असे. केंद्राविरुद्धच्या मोर्चात त्या सगळ्यांत पुढं होत्या. तो फलक अजून माळ्यावर गुंडाळून ठेवलेला होता.

मोर्चानंतर सात महिन्यांनी त्यांना कर्करोग निघाला. केमोनं तो हटला, पण जाताना हातापायांत जाळ सोडून गेला. ब्लाउजचं बटण लागेना. पेन धरवेना. सगळ्या गोळ्या झाल्यावर जिल्ह्याच्या डॉक्टरांनी अर्काची चिठ्ठी लिहिली. तो अर्क हेमांगी तालुक्याच्या केंद्रावरून आणत असे, गावातलं केंद्र टाळून, चाळीस किलोमीटर जाऊन. घरात हे दोघींनाच ठाऊक होतं. आक्कांच्या मुलाला, हेमांगीच्या नवऱ्यालासुद्धा नाही. तो सुरतेला असे आणि महिन्यातून एकदा येई.

संध्याकाळचे सहा थेंब जिभेखाली धरून आक्का वीस मिनिटं गप्प बसत. आज त्या बसल्या होत्या तेव्हाच हेमांगीनं सगळं सांगून टाकलं. मध्येच बोलता येऊ नये म्हणून तिनं ती वेळ निवडली होती, हे दोघींना कळत होतं.

वीस मिनिटांनी आक्का म्हणाल्या, "म्हणजे चूक तुझी."

"हो."

"मग दुरुस्त कर. त्यात मला काय विचारायचं?"

"दुरुस्त केली तर पथक आपल्याकडं येईल."

आक्का आपल्या बोटांकडं बघत राहिल्या. "आपली कॉलनी वगळून नाही करता येत?"

प्रश्न इतक्या हळू आवाजात आला की हेमांगीला तो ऐकू न आल्यासारखं करता आलं असतं.

"नाही, आक्का."

"मला वाटलंच." त्या भिंत धरून उठल्या. "फ्रीजमधली बाटली तेवढी माझ्या पेटीत ठेव."

*

मुख्याधिकारी गायधनी यांनी दुरुस्त अहवाल शेवटच्या पानापासून वाचला.

"तीस लिटर? आवटे मॅडम, हे तुम्ही लेखी देताय?"

"मोजलंय, सर."

"तुम्ही गटार मोजलंय. मी योजनेचा पूर्णत्वाचा दाखला दिलाय, एकशे पस्तीसचा. उद्या कुणी विचारलं की उरलेले एकशे पाच लिटर कुठं गेले?"

"ते मलाही ठाऊक नाही."

गायधनी हसले. माणूस वाईट नव्हता. निवृत्तीला चौदा महिने राहिलेला होता. "तुमचं घर कॉलनीतच ना? मग कशाला? जुना अहवाल आहे, वस्ती तपासून झाली, काही सापडलं नाही. प्रकरण मिटलं."

"वस्तीतल्या सोळा घरांची गटारं तोडायच्या नोटिसा निघाल्यात. आणि सर, हा सगळा उपविधीच कलम चौदाच्या विरुद्ध नाही का? अप्रत्यक्ष अट म्हणजे दुसरं काय?"

"असेल. पण ते मी ठरवत नाही, तुम्हीही नाही. राज्याच्या प्राधिकरणाकडं अर्ज करावा लागतो. तोही फक्त बाधित रुग्णाला, स्वतःच्या नावानं, उपविधी निघाल्यापासून तीस दिवसांत." त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं. "एकवीस झाले. कुणी आलं नाही. येणारही नाही. मी भांग घेतो असं सही करून कोण सांगेल या गावात?"

हेमांगीनं अहवालाची दुसरी प्रत पुढं केली. "यावर आवक शिक्का हवा, सर."

गायधनींनी शिक्का मारून प्रत परत दिली. "दहाव्या दिवशी कॉलनीत पथक येईल. नियम सगळ्यांना सारखा. माझ्यावर राग धरू नका."

*

दुसऱ्या दिवसापासून आक्का चहा बशीत ओतून पिऊ लागल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी गाऊन बदलला नाही. चौथ्या दिवशी हेमांगीनं पेटी उघडली तेव्हा बाटली तेवढीच भरलेली होती. काचेवर तिनं स्वतः ओढलेली मार्करची रेघ आणि आतल्या द्रवाची पातळी, दोन्ही एकाच ठिकाणी.

"तुम्ही बंद केलंत."

"पथक येईल तेव्हा गटार स्वच्छ सापडेल. तुझ्या अहवालालाही धक्का नाही."

"आक्का, हे पाण्यात विरघळणारं औषध नाही. ते चरबीत साठतं. वर्षभर घेताय तुम्ही. थेंब बंद केले तरी साठलेलं हळूहळू बाहेर पडत राहणार, तीन आठवडे, कदाचित जास्त. तुम्ही दुखणं सोसताय आणि आकडा मात्र जागेवर आहे."

आक्कांचा चेहरा एखादं गणित चुकलेल्या मुलीसारखा झाला. हेमांगीनं तो तसा कधी पाहिला नव्हता.

"तीन आठवडे," त्या म्हणाल्या. "हे आधी नाही सांगितलंस."

"तुम्ही आधी नाही विचारलंत."

त्या रागावल्या नाहीत, हेच हेमांगीला जास्त लागलं. थेंब घ्यायला मात्र त्या कबूल झाल्या नाहीत. बाटली पेटीतून त्यांच्या कापडी पिशवीत गेली, एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता त्या काठी घेऊन बाहेर पडल्या. विचारलं तर म्हणाल्या, "वाचनालयात. पेपर वाचायला." घरी दोन पेपर येत होते.

*

शुक्रवारी शिक्षक कॉलनीचा आकडा खाली येऊ लागला. शनिवारी तो एकावर आला. रेणू असा वागत नाही. हेमांगीनं सेन्सर तपासला, चकती बदलली, आकडा तोच. मग तिनं शेजारचे भाग उघडले. बाजारपेठेमागं सार्वजनिक वाचनालयाचं चेंबर होतं. त्यात वाचनालयाचं एक स्वच्छतागृह आणि दोन दुकानं, एवढंच येत असे. तिथं चार दिवसांत आकडा नऊपट झाला होता, आणि दिवसभर नाही. रोज सकाळी सहा ते आठ.

"विलास, वाचनालयात काय चाललंय?"

विलासनं खोकल्यासारखं केलं. "शिपाई माझा मेव्हणा आहे. तो म्हणतो, म्हातारी मंडळी एकदम वाचायला लागलीत. सकाळी रांग असते. पेपरला नाही." तो थांबला. "कॉलनीतलीच सगळी. पथक येणार हे त्यांना कळलंय. टाकी साडेसातलाच रिकामी होते म्हणे."

हेमांगीला आधी हसू आलं. मग तिनं आलेख पुन्हा पाहिला आणि हसू गेलं. सत्तरी उलटलेली, मानानं जगलेली माणसं पहाटे उठून, शेजाऱ्याची नजर चुकवून, एका सार्वजनिक संडासासाठी किलोमीटरभर चालत होती. प्रत्येकाला वाटत होतं, ही युक्ती आपल्याला एकट्यालाच सुचली. ती डबी तिनं काविळीसाठी बसवली होती.

घरी जाऊन तिनं आक्कांना सांगितलं. नावं तिला ठाऊक नव्हती. सेन्सर नावं सांगत नाही. तिनं फक्त वेळ आणि नऊपट एवढंच सांगितलं.

आक्का दचकल्या. मग त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं. "देशमाने रोज भेटतात तिथं. मला म्हणतात, बाई, अग्रलेख फार चांगला असतो हल्ली. हातात पेपर उलटा." देशमाने सर गणित शिकवत. उपविधी व्हावा म्हणून नगरपरिषदेत भाषण त्यांनीच केलं होतं. "मला वाटायचं, यांना दिसत कमी असेल."

"आक्का, अर्जाची मुदत सोमवारी संपते."

"ठाऊक आहे मला. तू टेबलावर मुद्दाम ठेवलेला कागद मी वाचला." त्यांनी काठी भिंतीला टेकवून ठेवली. "चाळीस वर्षं या गावाला मी सांगत आले, हे करू नका, ते करू नका. आता काय सांगू?"

हा हेमांगीच्या विषयाचा प्रश्न नव्हता.

*

सोमवारी सकाळी सहाला आक्का म्हणाल्या, "आज तूही चल."

वाचनालयात लांब टेबलाभोवती पाच माणसं बसली होती. सगळ्यांसमोर पेपर, आणि कुणाचंही पान उलटत नव्हतं. मागच्या बाजूला स्वच्छतागृहाचं दार बंद होतं. हेमांगीला बघून दोघांनी पेपर वर घेतले. गटारवाली मॅडम सगळ्यांना ठाऊक होती.

आक्का टेबलाच्या टोकाशी बसल्या. पिशवीतून त्यांनी अर्ज काढला, मग पेन. पेन बोटांतून निसटून खाली पडलं. हेमांगीनं उचलून दिलं. ते पुन्हा पडलं.

तेव्हा आक्कांनी पिशवीतून बाटली काढली.

गावात ती बाटली कुणीही ओळखली असती. हिरवं झाकण, राज्याचा शिक्का. आक्कांनी ती लपवली नाही. झाकण दातांनी सैल केलं आणि सहा थेंब जिभेखाली घेतले. त्याआधी एवढंच म्हणाल्या, "वीस मिनिटं लागतात. बसा."

कुणी उठलं नाही. भिंतीवरचं घड्याळ जुनं होतं, त्याचा आवाज मोठा होता. सहा पंचेचाळीस. एका बाईंनी पेपरची घडी घातली, पुन्हा उलगडली. सहा पन्नास. हेमांगीला वाटलं, आता कुणीतरी उठेल, आणि ते माणूस दाराबाहेर पडलं की तासाभरात गावात सगळीकडं बातमी होईल. मुलगा सुरतेहून फोन करील. पथक दुसऱ्याच दिवशी येणार होतं. आता त्याला शोधायलाही लागणार नव्हतं. आणि प्राधिकरणानं अर्ज फेटाळला तर? एकाच अर्जदाराचा अर्ज फेटाळणं सोपं असतं. तिनं आक्कांच्या बोटांकडं पाहिलं. ती अजून नीट मिटत नव्हती.

सात वाजून तीन मिनिटांनी आक्कांनी पेन उचललं. पेन हातात राहिलं. फळ्यावर लिहावं तशा सावकाश, अक्षर मोडू न देता, त्यांनी लिहिलं: १. शकुंतला दिनकर आवटे. त्याखाली लिहिलं: २. आणि पुढं जागा सोडून त्यांनी वर पाहिलं. वर्गात उत्तराची वाट बघताना त्या असंच बघत असणार.

पाचही पेपर स्थिर होते.

मागं पाण्याचा आवाज झाला आणि स्वच्छतागृहाचं दार उघडलं. देशमाने सर रुमालानं हात पुसत बाहेर आले. त्यांनी टेबलाकडं पाहिलं, हिरव्या झाकणाकडं, अर्जाकडं, मग हेमांगीकडं. बाहेरच्या दारापर्यंत सात-आठ पावलांचं अंतर होतं. ते त्या दिशेनं दोन पावलं गेलेसुद्धा.

मग थांबले. चष्मा काढून त्याच रुमालानं पुसला, डोळ्यांवर चढवला आणि आक्कांशेजारची खुर्ची ओढली.

"बाई, नुसतं आडनाव चालेल," त्यांनी विचारलं, "की पूर्ण नाव लागतं?"

"पूर्ण," आक्का म्हणाल्या. "वडिलांच्या नावासकट."